मे महिन्यात जोडा, दिवाळीत रंगवा

अमरावती-अकोल्याच्या पालकांना, शिक्षकांना आणि हाताला काहीतरी काम हवं असलेल्या निवृत्त मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं आहे. यंदा घरात लढाऊ विमानाचं एक प्लॅस्टिक मॉडेल बनवायला घ्या. तयार खेळणं नव्हे. सुट्या भागांचा डबा आणायचा, एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. आणि पहिलंच विमान असेल तर हॉकर हरिकेन निवडा.

स्पिटफायर अधिक देखणं आहे, त्याचं नाव मोठं आहे, शोधायला गेलं की आधी तेच समोर येतं. तरी मी हरिकेनचाच आग्रह धरतो, कारण हे विमान आपल्या माणसांनी अवघड काळात चालवलं आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर भारतीय वायुसेनेचं पहिलं पथक उभं राहिलं, तेव्हा त्याच्याकडे चार वापिती विमानं आणि १९ हवाई सिपाही होते. अकरा वर्षांनी, १९४४ मध्ये, हेच एक क्रमांकाचं पथक हरिकेन घेऊन इम्फाळला होतं. जपानी सैन्याने इम्फाळ वेढलं होतं आणि या पथकाची विमानं डोंगरांवरून टेहळणी करत, शत्रूच्या वाटा नि हालचाली टिपत, वेळ पडली तर हल्लाही चढवत. पथकाचे प्रमुख अर्जन सिंग तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. त्या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १९६५ च्या युद्धात वायुसेनेचे प्रमुख होते ते हेच. आपल्याकडच्या दहावीच्या पोरांना लंडनवरच्या हवाई लढाईची चित्रफीत माहीत असते, इम्फाळचं नावही माहीत नसतं. ही उणीव मला बोचते, आणि ती भरून काढायला एक छोटं मॉडेल पुष्कळ उपयोगी पडतं.

हरिकेनची बांधणीही शिकणाऱ्याला सोयीची आहे. पुढचा भाग धातूच्या पत्र्याचा. मागचा भाग म्हणजे आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड. चांगल्या मॉडेलमध्ये मागच्या अंगावर त्या पट्ट्यांचे हलके उंचवटे दिसतात. मुलाचं बोट त्यावरून फिरवा आणि सांगा, इथे गोळी आरपार गेली तर कापडाला ठिगळ लावून विमान पुन्हा कामाला जुंपता यायचं. चाकंही आतल्या बाजूला मिटणारी, उघडल्यावर एकमेकांपासून चांगली लांब. म्हणून कच्च्या धावपट्टीवर ते स्पिटफायरपेक्षा भक्कम उभं राही. टेबलावरही त्याचा तोल नीट राहतो.

आता माप. खऱ्या हरिकेनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.१९ मीटर. एकास बहात्तर प्रमाणात ते साधारण १७ सेंटिमीटर होतात, एकास अठ्ठेचाळीसमध्ये २५. पहिल्या खेपेला एकास बहात्तरच घ्या. एअरफिक्स, रेव्हेल, हासेगावा, आर्मा या कंपन्यांचे डबे मिळतात, पण बहुतेक माल परदेशातून येतो आणि पार्सल नि जकात धरून महाग पडतो. म्हणून डबा एकच आणा. तो पूर्ण होईपर्यंत दुसरा नाही, हे घरात आधीच ठरवून टाका. वर्षानुवर्षं दुकानात पडून असलेला डबा स्वस्त मिळाला तरी आतली डेकल, म्हणजे पाण्यात सोडून लावायची चिन्हं, पिवळी पडली किंवा तडकली आहेत का ते बघा. उन्हाळ्यात मागवलेल्या पार्सलमधला पंख कधी कधी किंचित वाकून येतो. तो फेकू नका. गरम पाण्यात धरून हलक्या हाताने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला.

वऱ्हाडात हे काम कधी करायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मॉडेलची पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, दुसरा हात फिरवला की पहिला उचकटतो आणि पंखावर ओरखडे उठतात. कूलर लावला तर वाऱ्याबरोबर धूळ येते आणि दमट हवेत स्प्रेच्या रंगावर पांढुरकी झाक चढते. पावसाळ्यात तर ती हमखास चढते. पण सुट्टी मुलांना मे महिन्यातच असते. त्यावर उपाय सोपा आहे: उन्हाळ्यात फक्त जोडणी करा, पावसाळ्यात घासणं आणि वाचन करा, रंगाला दिवाळीच्या सुट्टीत हात घाला. तेव्हा आभाळ निवळलेलं असतं, हवा कोरडी असते आणि ऊन सोसवतं. फक्त लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओला रंग उघडा ठेवू नका. फटाक्यांची काजळी त्यावर बसते. वर्षभर एकच विमान चाललं तरी चालू द्या.

जोडणीची सुरुवात भाग धुण्याने करा. साच्यातून सुटावे म्हणून भागांवर तेलकट थर राहिलेला असू शकतो, त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाका, जुन्या टूथब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. टिनाच्या पत्र्यावर किंवा बंद गाडीत नको, तिथे बारीक भाग वाकतात. चौकटीतून भाग कधीही पिरगाळून तोडू नका. पक्कड नसेल तर चांगला नेलकटर चालतो: आधी भागापासून थोडं लांब कापायचं, मग उरलेला ठोंब ब्लेडने काढून बारीक पॉलिश पेपरने सपाट करायचा. चिकटवण्याआधी प्रत्येक जोड कोरडा लावून बघा. वैमानिकाची बैठक, तिच्यामागची पाठ, समोरचं घड्याळांचं फलक हे सगळं विमानाचे दोन अर्धे भाग मिटण्याआधी बसवावं लागतं. आतला तेवढा रंग मात्र मे महिन्यातच, पहाटे उठून, उरकून घ्या.

विमानाच्या पाठीवरचा आणि पोटावरचा सांधा हीच या कामाची खरी परीक्षा. प्लॅस्टिक मॉडेलचा खास गोंद प्लॅस्टिक विरघळवून दोन कडा एकजीव करतो. गोंद लावून दोन्ही अर्धे हळूच दाबले की फटीतून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक धार वर येते. ती पुसू नका, तशीच राहू द्या. एक-दोन दिवसांनी ती कडक झाली की पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने, आधी जाड मग बारीक, ती घासून काढा. तरी खड्डा राहिला तर थोडं एम-सील मळून भरा आणि ओल्या बोटाने सारखं करा. नख सांध्यावरून आडवं फिरवून बघा. नख अडलं तर काम बाकी आहे, कारण रंग लावल्यावर ती रेघ लपत नाही, उठून दिसते. हे घासणं कंटाळवाणं आहे हे मुलाला आधीच सांगा, आणि त्याच्याजवळ बसून तुम्हीही घासा.

कॉकपिटवरच्या पारदर्शक काचेला फेविक्विक लावू नका. त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि ती पुन्हा स्वच्छ होत नाही. तिथे फेविकॉलचा बारीक थेंब पुरतो. वाळला की तो दिसतही नाही.

पावसाळ्यात डोकं वापरायचं काम करा. डब्यातली चिन्हं बहुधा युरोपातल्या ब्रिटिश विमानांची असतात: निळं, पांढरं आणि मध्ये लाल वर्तुळ. ती आपल्या पथकाच्या विमानावर लावली तर चूक होईल. जपानी विमानांवर लाल सूर्याची खूण असे, म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवर दोस्तांच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकला गेला. घाईत शत्रूचं विमान समजून आपल्याच तोफांनी पाडू नये, एवढंच कारण. इम्फाळच्या हरिकेनवर गडद निळ्या वर्तुळात फिकट निळं, अशी लहान खूण हवी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असलेले फोटोही तुम्हाला सापडतील, पण ते पट्टे युद्धाच्या शेवटच्या टप्प्यातले; १९४४ च्या इम्फाळच्या विमानावर ते घालू नका. नावाचीही एक गोष्ट: ‘रॉयल’ ही उपाधी वायुसेनेला मार्च १९४५ मध्ये मिळाली, त्यामुळे मॉडेलखालच्या पाटीवर १९४४ साल असेल तर नुसतं ‘इंडियन एअर फोर्स’ लिहा. एखादा जुना फोटो समोर ठेवून मुलालाच विचारा, हे केव्हाचं असेल? इतिहासाचा असा तास वर्गात क्वचितच होतो.

ही लहान वर्तुळं हाताने रंगवणं कठीण आहे. डेकलचा कागद मागवून कॉम्प्युटरवर आखलेली वर्तुळं लेझर प्रिंटरवर छापून घेता येतात. फिकट रंगाखालून खालचा हिरवा डोकावतो, म्हणून पांढऱ्या पाठीचा कागद घ्या.

दिवाळीत रंग. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून राखाडी. खालचा रंग आधी, वरचे नंतर. ब्रशने रंगवणार असाल तर पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. मोटारींचं रंगकाम करणाऱ्यांकडचं थिनर मॉडेलला लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हरही नको. इनॅमलला टर्पेंटाइन, अ‍ॅक्रिलिकला त्या त्या कंपनीने सांगितलेलं द्रावण. रंग पूर्ण झाला की आधी चकचकीत वार्निशचा एक हात द्या आणि मगच डेकल लावा. खरखरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि ती चांदीसारखी चमकत राहते. डेकलसाठी पाणी गाळणीयंत्राचं घ्या. आपल्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या काठच्या गावांमध्ये, बोअरच्या पाण्याने वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग उरतात. कागदाचा तुकडा पाण्यात बुडवून बशीत काढून ठेवा, घाई करू नका. चिन्ह आपणहून सरकू लागलं की ओल्या ब्रशने जागेवर न्या, कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत पाणी काढा. शेवटी मॅट वार्निश, म्हणजे सगळी चकाकी जाते.

रंगाचं आणि गोंदाचं काम उघड्या खिडकीशीच करा. देवघरात दिवा तेवत असेल किंवा शेजारी गॅस पेटलेला असेल, तर त्या खोलीत टर्पेंटाइनची बाटली उघडू नका. ब्लेड मोठ्यांच्या हातात असू द्या, स्प्रेचा डबाही. पण बाकी सगळं लेकराला करू द्या. पंख थोडा तिरका बसला तर तिरका राहू द्या; रात्री ते झोपल्यावर तो सरळ करत बसू नका. सकाळी त्याला ते कळतं, आणि विमान त्याचं राहत नाही. हे मुलींनाही तितकंच लागू आहे. डबा आणताना फक्त भावाचं नाव घेऊ नका.

शाळांना एक विनंती. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं आणि अमरावतीची मुलं आता मान वर करून विमान बघतात. अकोल्याला शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, म्हणजे महायुद्ध चालू असतानाची आहे. इतकी जवळ असलेली गोष्ट शिकवायला परदेशी चित्रफीत कशाला? आठवीच्या वर्गाने मिळून एक हरिकेन बनवावं. एका गटाने जोडणी, एकाने रंग, एकाने माहिती गोळा करावी आणि तयार विमान माहितीच्या पाटीसह वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवावं. एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल बनवणं शिकवतात; जवळपास असा कॅडेट असेल तर त्याला बोलवा. आणि माहिती गोळा करताना फक्त वैमानिकांवर थांबू नका. नागपूरला वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचं मुख्यालय आहे. विमानं धडधाकट ठेवणाऱ्या माणसांचं काम ते. त्या १९ हवाई सिपायांपासून ही परंपरा आहे, आणि पॉलिश पेपर हातात घेतलेल्या मुलाला ती लवकर समजते. दिल्लीला जाणं झालंच तर पालमच्या वायुसेना संग्रहालयात खरं हरिकेन उभं आहे, ते जरूर दाखवा.

हरिकेन पूर्ण झालं की पुढचं विमान नॅट घ्या. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊनच एकटे झुंजले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे विमान इतकं लहान की एकास बहात्तरमध्ये ते तळहातावर मावतं. घेताना मात्र डब्यावरचं चित्र नीट बघा. बाजारात सहज मिळतं ते बहुधा दोन आसनांचं प्रशिक्षणाचं नॅट असतं, आणि सेखोंचं एका आसनाचं होतं.