आपलाच क्रमांक, कंपनीच्या वहीत

बांधकाम कामगारांच्या नोंदणीचे अर्ज भरून घेणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्यास विचारावे की, काम नेमके कोणत्या रकान्यापाशी अडते? नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यापाशी ते अडणार हे अपेक्षितच असते. कंत्राटदार तो दाखला सुखासुखी देत नाही. परंतु त्याच्याही आधी, आपण ज्याला अगदी क्षुल्लक समजतो त्या मोबाईल क्रमांकाच्या रकान्यापाशी रांग थांबते. ‘नंबर पाठ नाही’, ‘पोराला ठाऊक आहे’, ‘मागच्या महिन्यात नवीन कार्ड घेतलं’ अशी उत्तरे येतात. शिकलेल्या तरुण कार्यकर्त्यास याचे हसू येते. हातात फोन आहे, आणि त्याचा क्रमांक ठाऊक नाही!

यात हसण्यासारखे काहीही नाही. स्वतःचा क्रमांक ही मुळात स्वतःच्या उपयोगाची वस्तूच नव्हे. माणूस स्वतःला फोन करीत नाही. तो क्रमांक दुसऱ्यांनी वापरावयाचा असतो आणि तो सांगण्याचा प्रसंग ज्याच्या आयुष्यात वारंवार येत नाही, त्याला तो पाठ असण्याचे कारण नाही. गवंड्याला विटांचा हिशेब पाठ असतो, ऊसतोड करणाऱ्या बाईला उचलीचा आकडा पाठ असतो. कारण त्यावर त्यांचे पोट अवलंबून असते. आज शासनाने या दहा आकड्यांवरही त्यांचे पोट अवलंबून ठेवले आहे, म्हणून हा प्रश्न या पानावर मांडावा लागत आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पुष्कळदा खुद्द त्या फोनलाही आपला क्रमांक ठाऊक नसतो. सिम कार्डाच्या पोटात जी ओळख कोरलेली असते ती पंधरा आकड्यांची, आणि ती आपल्या दहा आकडी क्रमांकाहून अगदी निराळी. या पंधरा आकड्यांचे कार्ड म्हणजे अमुक दहा आकड्यांचा क्रमांक, ही जोड कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत असते. कार्डावर क्रमांक लिहून ठेवण्यास जागा असते, पण ती भरलेली असेलच असा नेम नाही. म्हणूनच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिले तर कित्येकदा तेथे ‘अज्ञात’ एवढेच लिहिलेले दिसते. हरवलेल्या कार्डाच्या जागी नवे कार्ड घेतले तरी जुनाच क्रमांक चालू राहतो, तो या व्यवस्थेमुळेच. सोय आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचा सरळ अर्थ असा की, फोन आपल्या खिशात आणि क्रमांक कंपनीच्या वहीत. आपला क्रमांक कोणता, हे आपण कंपनीलाच विचारायचे.

ते विचारण्याची रीतही प्रत्येक कंपनीची वेगळी. कोठे स्टार, तीन आकडे आणि हॅश दाबावे लागते, कोठे विशिष्ट क्रमांक फिरवून संदेशाची वाट पाहावी लागते, कोठे कंपनीचे अॅप उघडावे लागते. आलेला संदेश इंग्रजीत असतो. ग्राहकसेवेला फोन लावला तर अमुक आकडा दाबा, तमुक आकडा दाबा, या चक्रातून माणूस मध्येच परत फिरतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे शेजारच्याला मिस्ड कॉल द्यावा आणि त्याच्या पडद्यावर उमटलेला क्रमांक उतरवून घ्यावा. कष्टकऱ्यांनी तो केव्हाच शोधून काढला आहे. परंतु रिचार्ज संपले असेल तर तोही लागत नाही.

आता हे दहा आकडे किती दारांना कुलूप होऊन बसले आहेत ते पाहा. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. ज्याला ती स्वतः करावयाची त्याचा मोबाईल आधारशी जोडलेला हवा. नसेल तर केंद्रात जाऊन अंगठा द्यावा. रेशन दुकानात झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने नाकारला की ओटीपीचा मार्ग सांगितला जातो. बँक खाते, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळीकडे तोच ओटीपी. ओटीपी म्हणजे दुसरे काही नाही, ‘तूच तो’ असे सिद्ध करण्यासाठी पाठविलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी कोणाच्या हाती पडते, हा खरा प्रश्न आहे.

तो सर्वाधिक झोंबतो स्त्रियांना. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्या स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाईल आहे त्यांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के आढळले होते. उरलेल्या स्त्रियांचा ‘स्वतःचा क्रमांक’ म्हणजे नवऱ्याचा, मुलाचा वा दिराचा. अशा देशात सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लाडकी बहीण योजनेतील स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची केली, आणि तीही कशी? बाईच्या स्वतःच्या आधारवरील ओटीपी पुरेसा नाही. नवऱ्याच्या अथवा वडिलांच्या आधारवर येणारा ओटीपीही हवा. एकवीस ते पासष्ट वयाच्या, दरमहा १५०० रुपयांच्या हक्कदार ठरविलेल्या स्त्रीने आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी पुरुषाच्या फोनवरील चिठ्ठी आणावयाची! कुटुंबाचे उत्पन्न तपासण्यासाठी हे आवश्यक आहे, असे समर्थन करता येईल. पण जी विधवा आहे, जिला टाकलेले आहे, जिचा बाप केव्हाच गेला, तिने कोणाचा फोन मागावा? ओरड झाल्यानंतर मुदत वाढली आणि अशा स्त्रियांसाठी कागदपत्रांची वाट काढावी लागली. योजना आखणाऱ्यांच्या मनात आरंभी या स्त्रिया नव्हत्याच, एवढे यातून स्पष्ट झाले.

मग व्यवहारात काय घडते? रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून जो क्रमांक हाताशी असेल तो घातला जातो. कोठे मुकादमाचा, कोठे झेरॉक्सवाल्याचा. पैसे आल्याचा निरोप त्याच्याकडे जातो, बाईला तो तोच सांगतो, किंवा सांगत नाही. थेट बँक हस्तांतरामुळे काही मध्यस्थ दूर झाले हे खोटे नाही. हाती रोख वाटली जात असताना जी गळती होई, ती आपण पाहिलेली आहे. परंतु मध्यस्थ नाहीसा झाला नसून त्याने जागा बदलली आहे. पूर्वी तो कचेरीच्या पायरीवर बसे, आज ओटीपी त्याच्या खिशात वाजतो.

बरे, क्रमांक कळला, पाठ झाला, आधारला जोडला, तरी तो टिकेल याची हमी नाही. २००३ पासून येणारे फोन विनामूल्य झाले होते आणि गरीब माणूस शिल्लक नसतानाही वर्षानुवर्षे फोन घेऊ शकत होता. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली आणि तेव्हापासून पैसे न भरणाऱ्याकडे येणारे फोनही बंद होऊ लागले. जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा वाढले. इंटरनेट ज्यांना नकोच आहे त्यांच्या माथीही ते मारले जात होते. केवळ बोलणे व संदेश यांचा वेगळा दर ठेवा, असे दूरसंचार नियामकाला डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फर्मावावे लागले. नव्वद दिवस वापर झाला नाही तर क्रमांक बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. बीडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. गावी म्हाताऱ्या आईपाशी ठेवलेल्या फोनचे तोवर काय झालेले असेल याचा हिशेब करणे अवघड नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा बंद क्रमांक किमान नव्वद दिवस दुसऱ्यास दिला जात नाही असे नियामकाने सांगितले आणि जुन्या क्रमांकावरील आपली माहिती पुसण्याची काळजी ग्राहकानेच घ्यावी, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कागदावर ते रास्त आहे. परंतु ज्याला आपला चालू क्रमांक सांगता येत नाही, त्याने गमावलेल्या क्रमांकाचा माग कोठवर काढावा?

केंद्राच्या दूरसंचार खात्याने मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ उघडले. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे त्यावर पाहता येते आणि आपल्या नावे परक्याने घेतलेले कार्ड बंद करण्याची मागणी करता येते. उपयुक्त सोय आहे, कार्यकर्त्यांनी ती अवश्य शिकून घ्यावी. मात्र आत शिरण्यासाठी प्रथम आपला मोबाईल क्रमांक घालावा लागतो आणि त्यावर ओटीपी येतो!

मागण्या फार मोठ्या नाहीत. ११२ हा आपत्कालीन क्रमांक जसा सर्व कंपन्यांच्या फोनवरून विनामूल्य लागतो, तसाच एकच क्रमांक देशभर असावा. तो फिरविला की समोरून मराठीत, हिंदीत, ज्याच्या त्याच्या भाषेत त्याचा स्वतःचा क्रमांक आवाजाने सांगितला जावा, रिचार्ज असो वा नसो. शासकीय योजनांचे संदेश रिचार्जअभावी अडवू नयेत. आणि कोणताही हक्क केवळ मोबाईल नाही म्हणून नाकारला जाणार नाही, हे प्रत्येक योजनेच्या आदेशातच लिहिलेले असावे. ओरड झाल्यावर काढलेल्या शुद्धिपत्रकात नव्हे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. आपल्यातील काही कार्यकर्ते सद्हेतूने स्वतःचाच क्रमांक दहा-दहा कामगारांच्या अर्जावर घालतात. ते थांबले पाहिजे. उद्या तो कार्यकर्ता गाव सोडून गेला तर दहा घरांचे दार बंद होईल. अर्ज भरण्याआधी त्या माणसाच्या फोनवरून मिस्ड कॉल घ्यावा, क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून द्यावा, आणि त्याच चिठ्ठीवर कंपनीचे नाव, कार्ड कोणाच्या नावावर आहे आणि रिचार्ज कधी संपते हेही लिहावे. चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवण्यास सांगावे, कारण ती पिशवी घरात कोणी हरवू देत नाही. बाईच्या अर्जावर बाईचा क्रमांक नसेल तर तो कोणाचा आहे हे तिला विचारून, तिच्यासमोर वाचून दाखवावे. पुढच्या नोंदणी शिबिरापासून हे सुरू करता येईल; त्यासाठी ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.