टर्बोचा किडा

परवा ऑफिसातला मित्र पुन्हा सुरू झाला, "अरे, तुझ्या मियाटाला टर्बो कीट बसव, गाडी उडेल!" गेले दोन महिने माझ्याही डोक्यात हाच किडा वळवळत होता. पैसेसुद्धा बाजूला काढलेत. पण आता ठरलं, नाही बसवणार.

१९९० ची माझदा मियाटा. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम टनभर. कागदावर आकडे केविलवाणे आहेत, मान्य. पण सांताक्रूझच्या डोंगरात वळणावरून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवता येतो आणि तरी लायसन्स खिशातच राहतं! ही मजा ३०० हॉर्सपॉवरवाल्याने कधी करायची?

टर्बोवाले फक्त हॉर्सपॉवर सांगतात, बाकीचं गिळतात. हवा दाबली की तापते, म्हणून इंटरकूलर. जास्त हवेला जास्त पेट्रोल, म्हणून मोठे इंजेक्टर आणि ईसीयूचं ट्यूनिंग. ते चुकलं की नॉकिंग, आणि पिस्टनचा निकाल. मग क्लच, मग ब्रेक... एका बगपायी अख्खं मॉड्यूल परत लिहायचं, तसलाच प्रकार. वर कॅलिफोर्नियात कीटला एअर रिसोर्सेस बोर्डाची मंजुरी नसेल तर स्मॉग टेस्टमध्ये नापास.

"माझदाने स्वतःच टर्बो दिला होता ना?" दिला की, २००४-०५ मध्ये. १७८ हॉर्सपॉवर. पण त्यासाठी त्यांनी क्लच, सस्पेन्शनसकट बरंच काही बदललं. मी रविवारी गॅरेजात पाना घेऊन काय बदलणार, कप्पाळ?

त्या पैशांत चांगले टायर, नवे शॉक ॲब्सॉर्बर आणि लगुना सेकाच्या ट्रॅकवर एक दिवस. मित्र म्हणतो, "घाबरट आहेस." येत्या शनिवारी त्याला शेजारच्या सीटवर बसवून नेतोय.