दप्तर आम्ही वाहिलं

माझ्या धाकट्या बहिणीला नर्सिंगच्या डिग्रीला जायचंय. राखीव जागा पाहिजे तर जातीचा दाखला पाहिजे. दाखला मिळाला की त्याची पडताळणी पाहिजे. आणि पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद पाहिजे. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलंय. आजोबा शाळेची पायरी चढलेच नाहीत. टेबलामागचा बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "नुसतं बौद्ध चालणार नाही. मूळ जात लिहिलेला कागद आणा. पणजोबाचा, खापरपणजोबाचा, कुणाचाही आणा."

मित्रांनो, हा विनोद नीट ऐका. हजारो वर्षं आमची जात कुणाला विचारावी लागली नाही. ती आमच्या सावलीवरून ओळखली, गावाबाहेरच्या झोपडीवरून ओळखली, जोहार घालणाऱ्या आवाजावरून ओळखली. पाणवठ्यावर कुठली पडताळणी समिती बसली नव्हती. दगड मारणाऱ्यानं दगड मारण्याआधी आमच्याकडं कागद मागितला नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जो शब्द आम्ही अंगावरून झटकून टाकला, तोच शब्द आज म्हणतात शोधून आणा, नक्कल काढून आणा, शिक्का मारून आणा!

आणायचा तर कुठून आणायचा? ज्यांच्या हातात कधी पाटी येऊ दिली नाही, त्यांच्याकडं कागद मागायचा ही कुठली रीत?

मी गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली हमाली करतो. सुट्टी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगार नाही. चार खाडे घातले आणि महाड तालुक्यातलं आमचं गाव धरलं. निघायच्या आधी आजीजवळ बसलो. म्हटलं, आजे, आपल्यात पहिला गावाबाहेर पडला तो कोण?

आजी म्हणाली, "माज्या सासऱ्याचा आजा. पल्टणीत व्हता. समदे त्येला पल्टणवालाच म्हनायचे. पेन्शन घेऊन आला तवा बूट घालून आला. चावडीम्होरं म्हनले बूट काढ. त्येनं काय काढलं न्हाईत."

"नाव काय त्याचं?"

आजी गप्प. सासरच्या थोरल्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं नाही, म्हणून तिनं ते नाव जन्मात उच्चारलं नव्हतं. शेवटी माझं डोकं जवळ ओढून तिनं ते कानात सांगितलं. नावाच्या शेवटी 'नाक' होतं.

हे 'नाक' लक्षात ठेवा. कोरेगावच्या खांबावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलीत, त्यात 'नाक' शेवटी असलेली बावीस नावं आहेत. ती नावं कुणाची हे त्या 'नाक'वरूनच कळतं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या खांबापाशी उभे राहिले तेव्हा त्यांनी तीच नावं वाचली. जातीचा डाग म्हणून चिकटवलेली ती दोन अक्षरं, आणि आज तीच आम्हाला आमच्या माणसापर्यंत नेणारी खूण! शत्रूनं मारलेल्या डागावरून आपलं माणूस ओळखावं लागतं. आमचा इतिहास असा आहे.

गावात गेलो. जुनं कोतवाल बुक मोडीत. ती लिपी मला कशी यावी? मोडी वाचणारे एक म्हातारे मास्तर शोधले, त्यांना गाडीभाडं आणि चहा दिला. दोन दिवस पानं उलटली. वाळवीनं कडा खाल्लेल्या, शाई उडालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं. आजीनं कानात सांगितलेलंच नाव. जात, महार. वय, साठ. आजार, ताप.

संपलं. पल्टणीचा एक शब्द नाही. बुटाचा एक शब्द नाही. ज्या माणसानं तीन-चार मुलखांतलं पाणी प्यालं, जो साहेबाच्या कवायतीत ताठ उभा राहिला, ज्यानं परत येऊन चावडीसमोर मान वाकवली नाही, त्याचा सरकारी इतिहास एवढाच. महार होता, तापानं मेला.

मग माणसांकडं गेलो. खोताच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यानं ओटीवर बसवलं, चहाही दिला. म्हणाला, "हो तर! आमच्या आजोबांचा फार जीव त्यांच्यावर. आजोबांनीच त्यांना अक्षरओळख करून दिली." बौद्धवाडीत विचारलं तर सत्तरीतला एक चुलता फसकन हसला. "खोतानं शिकवलं? अरं, पल्टणवाल्यानं पोरांना घेऊन रात्रीची शाळा घातली, तवा ह्याच खोतानं दिव्याला तेल देऊ नका म्हणून वाण्याला ताकीद दिली व्हती!"

एक गाव, एक माणूस, दोन आठवणी. दोन्हींना कागद नाही. मग खरं कुणाचं मानायचं? साधं बघा. पल्टणीत अक्षरओळख होत होती. लष्करी छावणीतल्या शाळेत आमच्या माणसांची पोरं, पोरीसुद्धा, शिकत होत्या. गावच्या शाळेनं ज्यांना दार लावलं त्यांना छावणीनं पाटी दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच मास्तर होते. तेव्हा खोतानं शिकवलं ही गोष्ट कुणाच्या सोयीची आहे ते तुम्हीच ओळखा. आमचा माणूस वर चढला की त्याला शिडी लावणारा एक सवर्ण आजोबा मागाहून हमखास उभा राहतो. आमच्या पोटातली आगसुद्धा यांना दान केलेली पाहिजे!

चुलता आणखी एक बोलला. पल्टणवाला दापोलीला 'वलंगकर बाबांकडं' जायचा. मी अंगावर काटा येऊन ऐकत राहिलो. गोपाळ बाबा वलंगकर म्हणजे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ ला पल्टणीतून निवृत्त झाले, दापोलीला राहिले, 'अनार्य दोषपरिहार मंडळी' उभी केली. १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' काढून सवर्णांना सवाल केले. १८९५ ला महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा याच्या शेजारी बसायचं कसं म्हणून सवर्ण सभासदांनी गहजब केला. चवदार तळ्याच्या बत्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला जे हजारो आले ते आभाळातून पडले नव्हते. त्यांच्या आधी या मुलखातल्या वाड्यावाड्यांत पेन्शनर बसलेले होते. अर्ज लिहिणारे, वर्तमानपत्र वाचून दाखवणारे, बूट न काढणारे.

पण खोटं बोलणार नाही. पूर्वज सापडला की माणसाला माज येतो. मलाही दोन रात्री आला. वाटलं, आपलंही घराणं आहे. चित्पावनांची घराणी जाडजूड कुलवृत्तांत छापतात, मूळ पुरुषापासून वेल काढतात, तसा आपलाही वेल काढावा. मग स्वतःचीच लाज वाटली. वेल काढायचा कशाला? कुणाच्या रक्तात कुणाचं रक्त मिसळलं नाही हे दाखवायला? ज्या कुळाच्या अभिमानानं आम्हाला गावाबाहेर काढलं, तोच अभिमान आम्ही सेकंडहँड विकत घ्यायचा?

आपल्यातच काही जण हल्ली हे करतात. आम्ही मूळचे राजे, आम्ही मूळचे क्षत्रिय! त्यांना सांगतो, हा रोग जुना आहे आणि तो आपल्या पूर्वजांनाही झाला होता. महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा १८९४ ला वलंगकरांनी सरकारकडं जायच्या अर्जाचा मसुदा केला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय असं म्हटलंय. का म्हणावं लागलं? कारण साहेबानंही तोवर लढाऊ जातींचा तराजू आणला होता. कोरेगावचा खांब उभारणारं सरकार आमच्याच नातवंडांना म्हणालं, तुम्ही लढाऊ नाही, घरी जा. गरज होती तेव्हा छाती पुढं करायला सांगितली, गरज संपली तेव्हा जात काढली. ज्याचा रस्ता बंद केला तो हाताला लागेल ते दार ठोठावतो. वलंगकरांनी ठोठावलं, त्यांचं चुकलं म्हणायची माझी लायकी नाही. पण शंभर वर्षांनी, बाबासाहेबांनी सगळी शास्त्रं सोलून दाखवल्यावर, तुम्ही अजून तेच दार ठोठावता? पूर्वजाला मानायचं म्हणजे त्याच्या लाचारीची पूजा करायची नाही. त्यानं जिथं बूट काढले नाहीत तिथून पुढं चालायचं.

आता कागदाविषयी बोलतो. गावकीत महाराची कामं काय होती? साऱ्याचा पैसा आणि दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला पोचवणं. मयताचा सांगावा घेऊन परगावी धावणं. शिवेचा वाद पडला की शिवेवर उभं राहून साक्ष देणं. शीव कुठून जाते हे महारानं सांगायचं आणि गावानं मानायचं. म्हणजे गावाची आठवण आमच्या डोक्यात होती आणि गावाचा कागद आमच्या डोक्यावर होता. आमच्या हातानं पाणी बाटत होतं, कागद बाटत नव्हता! १८७४ च्या वतन कायद्यानं ही राबणूक पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं, आणि वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. तोवर पिढ्यानपिढ्या आम्ही ते दप्तर वाहिलं. आज त्याच दप्तरात आमचं एक नाव शोधायला गेलं की चार खाडे पडतात.

गोदीतही तेच. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं, पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा घेऊन. आगीत उतरलेले अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान गेले. त्यांना माझा सलाम, त्यांची आठवण दर वर्षी होते आणि व्हायलाच पाहिजे. पण एकूण मेले किती? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. पाचशे माणसांचा फरक! ती पाचशे कोण असतील? ज्यांची हजेरी मुकादमाच्या वहीत होती ती. वही जळाली, माणूस जळाला, हिशेब मिटला.

मीसुद्धा आज ठेकेदाराच्या रजिस्टरात एक आकडा आहे. शंभर वर्षांनी माझ्या पणतीला कुणी कागद मागितला तर ती काय आणेल?

आणि सगळ्यात मोठी चोरी तर आपल्याच घरात झालीय. मी चुलत्याला विचारलं, पल्टणवाल्याची बायको कोण? चुलता म्हणाला, "पल्टणवाल्याची बायको." नाव कुणाला माहीत नाही. कोतवाल बुकात सापडलं नाही, बौद्धवाडीत सापडलं नाही. तो मुलूखगिरी करत होता तेव्हा खोताची वेठ तिनं केली, पोरं तिनं जगवली, दिव्याला तेल मिळेना तेव्हा ते तिनंच कुठून तरी आणलं असेल. खोतानं आपला माणूस चोरला म्हणून आपण ओरडतो, मग ही बाई कुणी चोरली? १८५५ ला फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या चौदा वर्षांच्या पोरीनं महारामांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदय'नं तो छापला. आपण तिचं नाव भाषणात घेतो. पण आपल्या स्वतःच्या पणजीचं नाव किती जणांना येतं? आता, या क्षणी, वाचता वाचता सांगा!

बहिणीचं काम झालं. कोतवाल बुकातल्या त्या एका ओळीची नक्कल आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लावलं, वैधता मिळाली. ज्या शब्दानं खापरपणजोबाच्या बापाला पाण्यापासून हाकललं, त्याच शब्दानं त्याच्या नातवंडाच्या पणतवंडाला कॉलेजचं दार उघडलं. मी हसू की शिवी घालू मला कळेना. दोन्ही केलं.

पण एका घराचं काम झालं म्हणून गप्प बसायचं नाही. म्हणून सांगतो. या रविवारी मोर्चा नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. तो जसा बोलतो तसं लिहा, त्याची भाषा शुद्ध करू नका. गावच्या कोतवाल बुकाच्या, शाळेच्या जनरल रजिस्टरच्या नकला मागा. मागून दिल्या नाहीत तर २००५ चा माहितीचा अधिकार वापरा. मोडी शिका, ती कुणाच्या बापाची नाही. आणि वहीत पहिलं नाव बाईचं लिहा.

माणसं मरतायत, वाळवी कागद खातेय, आणि खोताचा नातू ओटीवर बसून आपला इतिहास सांगतोय. पिढ्यानपिढ्या आपण दुसऱ्याचं दप्तर डोक्यावर वाहिलं. आता ते खाली टाका आणि आपलं लिहायला बसा.

माझ्या वहीचं पहिलं पान बहिणीनं लिहिलंय. पल्टणवाल्याचं नाव दुसऱ्या ओळीवर आहे. पहिली ओळ कोरी ठेवलीय, ते नाव सापडेपर्यंत आम्ही शोधत राहू.

जय भीम!