सायरनच्या पोटातली बॅटरी

मंडणगड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहर कुवेतला नोकरीस. गाडी वर्षातून दीड महिना चालते, बाकी दिवस अंगणात झाकून उभी. गेल्या सुट्टीत त्यांनी गाडीला चोर-अलार्म बसवून घेतला, आणि गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून सायरन निवडला तो स्वतःची बॅकअप बॅटरी असलेला. ते परत गेल्यावर दोनेक महिन्यांनी रात्री अडीच वाजता सायरन सुरू झाला. रिमोट दाबला, थांबेना. सासऱ्यांनी शेजारच्या मुलाकडून गाडीच्या बॅटरीची वायर काढवली, तरी थांबेना. सगळा मोहल्ला जागा. भगिनी विचारतात, हे प्रकरण काढूनच टाकावे का?

काढू नका. सायरन बिघडलेला नाही. त्याला जे शिकवले आहे तेच त्याने केले, फक्त घरात कोणाला ते सांगितलेले नव्हते.

साधा अलार्म गाडीच्या मुख्य बॅटरीवर चालतो. चोराने बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल सैल केले की तो मुका होतो. यावर तोड म्हणून सायरनच्याच डब्यात छोटी बॅटरी घालतात. मुख्य बॅटरीकडून येणारी वीज तुटली की हा सायरन समजतो की कोणीतरी वायर कापली, आणि स्वतःच्या बळावर ओरडू लागतो. मुख्य बॅटरी आपोआप उतरली तरी त्याला फरक कळत नाही. रिमोटचे ऐकणारा कंट्रोल बॉक्स मात्र मुख्य बॅटरीवरच असतो. ती मेली की रिमोट हातात असून नसल्यासारखा.

आता हिशेब पाहा. अलार्म नुसता पहारा देत असताना साधारण २० मिलिअँपिअर वीज खातो असे धरू. दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास, साठ दिवसांत सुमारे २९. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासाची. गाडीतले घड्याळ आणि इतर किरकोळ खर्च वेगळाच. म्हणजे दोन महिने न हललेल्या गाडीची बॅटरी उतरली यात नवल नाही. बॅकअप बॅटरी चोरासाठी आहे, उभ्या गाडीसाठी नाही. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवावे लागते, नाहीतर घरच्या विजेवर चालणारा छोटा चार्जर लावावा लागतो. नुसती जागेवर पाच मिनिटे सुरू करून बंद केली तर उतरलेली बॅटरी पुरती भरून येत नाही.

अशा सायरनला बाजूला एक किल्लीचे कुलूप असते. ती किल्ली फिरवली की आतली बॅटरी सुटते आणि आवाज थांबतो. बहुतेक घरांत ही किल्ली माहितीपत्रकाच्या पिशवीत पडून असते, किंवा गाडीच्या खणात, जिथे रात्री अडीचला कोणी शोधणार नाही. ती घरच्या किल्ल्यांच्या खुंटीवर टांगा. गाडी सर्व्हिसिंगला देताना मिस्त्रीला सांगा, म्हणजे बॅटरी काढण्याआधी तो सायरन बंद करील.

दुसरी पद्धत वेगळी बॅटरी जोडण्याची. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, ७ अँपिअर-तासाची किंवा त्याहून लहान, आत बसवून अलार्मला जोडतात. यात फायदा हा की कंट्रोल बॉक्सही जिवंत राहतो. तोटा हा की सायरनपर्यंतची वायरच कापली तर आवाज गेला. म्हणून आमचे मत पहिल्या पद्धतीकडे झुकते. दुसरी करायचीच असेल तर एक छोटा सायरन गाडीच्या आतही लावावा.

आणि ती करताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहावे. मुख्य बॅटरी आणि बॅकअप यांच्यामध्ये डायोड हवाच. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. तो नसेल तर मुख्य बॅटरी उतरल्यावर छोटी बिचारी अख्ख्या गाडीला वीज पाजत बसते. शॉटकी जातीचा डायोड घ्यावा, त्यात व्होल्टेज कमी पडते. गाडी चालू असताना येणाऱ्या १४ व्होल्टमधून थोडे वजा होऊन सीलबंद बॅटरीला मानवेल इतकेच उरते. बॅटरी पूर्ण रिकामी असताना एकदम करंट ओढू नये म्हणून चार्जिंगच्या वाटेवर रेझिस्टर आणि परतीच्या वाटेवर दुसरा डायोड लावतात. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे सांगावे लागत नाही.

इंडिकेटर मात्र बॅकअपवर घेऊ नयेत. अलार्म वाजताना चारही दिवे लुकलुकतात. २१ वॅटचे चार बल्ब म्हणजे पेटताना सात अँपिअर. छोटी बॅटरी त्यातच संपेल आणि सायरनला काही उरणार नाही. ती वायर मुख्य बॅटरीवरच राहू द्या.

सर्वांत मोठी गोष्ट फ्यूजची. बॅकअपच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज हवा. छोटी म्हणून या बॅटरीला कमी समजू नये. तिची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर लाल होऊन पेटते, आणि गाडी असते घराच्या भिंतीला लागून. उंदीर तर पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली हमखास बिऱ्हाड करतात व वायरी कुरतडतात. वायरी जाळीदार नळीतून घ्याव्यात. जोड पिळून टेप गुंडाळलेले नसावेत, डाख दिलेले असावेत. कोकणच्या दमट हवेत उघड्या तांब्यावर वर्षभरात हिरवट थर चढतो. वेगळी बॅटरी इंजिनजवळ ठेवू नये, उष्णतेने ती लवकर मरते. आत, सीटखाली घट्ट बांधून ठेवावी. डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावू देऊ नये.

दर तीन महिन्यांनी दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना आधी सांगून, अलार्म चालू करून मुख्य बॅटरीचे टर्मिनल काढून पाहावे. सायरन ओरडला तर आतली बॅटरी शाबूत. आवाज दबका आला तर ती बदलायची वेळ झाली.

विम्याचे एक राहिले. पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी साधन बसवून ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला घेतला, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट देण्याची पद्धत आहे. आपली कंपनी ती देते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापून केलेल्या जोडणीबद्दलही शोरूमला आधी विचारून घ्यावे.