गादीवरच्या पातळ पडद्याची निगा

घरात कापसाची गादी होती तेव्हा तिची निगा राखण्याची रीतही ठरलेली होती. उन्हाळ्यात गादी गच्चीवर किंवा अंगणात टाकायची, काठीने झोडपायची, खोळ धुवायची आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायचा. फोम, लॅटेक्स किंवा काथ्याच्या तयार गादीला यातले बहुतेक काही चालत नाही. ती उसवता येत नाही, पिंजता येत नाही आणि एकदा आतपर्यंत भिजली की घरी पुरती वाळवताही येत नाही. म्हणून तिच्यावर मॅट्रेस प्रोटेक्टर, म्हणजे कडेने इलॅस्टिक असलेले संरक्षक आच्छादन, ताणून बसवण्याची पद्धत रुळली. लहान मूल, अंथरुणाला खिळलेली आजी किंवा दम्याचा रुग्ण ज्या घरात आहे, तिथे ते आता गरजेच्या वस्तूंत जमा आहे.

हे आच्छादन धुवायचे कसे, हे मात्र विकणारा सहसा सांगत नाही. मग ते चादरीसारखेच धुतले जाते. ब्रशने घासले जाते, पीळ घालून पिळले जाते, भर उन्हात वाळत पडते. काही महिन्यांत त्यातून पाणी झिरपू लागते किंवा धुऊनही वास जात नाही. दोष मालाला दिला जातो आणि कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा कारण धुण्याच्या पद्धतीतच सापडते आणि ते समजण्यासाठी आधी या कापडाची रचना पाहावी लागते.

जलरोधक प्रोटेक्टरला दोन थर असतात. वरचा थर सुती टेरीचा, म्हणजे टॉवेलसारख्या कापडाचा, किंवा पॉलिएस्टरच्या विणीचा. त्याच्या खालच्या बाजूला पॉलियुरेथेन या लवचिक प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत वापरायचे मेणकापड किंवा रबरी कापड जाड असे आणि अंगाखाली घाम साचवी. हा पापुद्रा द्रव पाणी अडवतो, पण पाण्याची वाफ थोडीफार पलीकडे जाऊ देतो. त्याचे सगळे मोल या पातळपणात आहे आणि तेच त्याचे दुबळेपणही आहे. घट्ट पीळ दिला की घडीच्या रेषेवर तो चिरतो. इस्त्री लागली की वितळतो. क्लोरीनच्या ब्लीचने कडक होऊन तडकतो. जास्त उष्णतेत तो कापडापासून सुटतो आणि मग खालच्या बाजूला फुगे दिसू लागतात.

जुना प्रोटेक्टर उजेडासमोर धरून पाहावा. पापुद्र्याला भोक असेल तर टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश सरळ डोळ्यात येतो. तरीही शंका वाटली तर खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून वर अर्धा कप पाणी ओतावे आणि पंधरा मिनिटांनी कागद पाहावा. कागद ओला झाला असेल तर जलरोधक म्हणून त्या आच्छादनाचे काम संपले आहे. ते कितीही स्वच्छ धुतले तरी गादी वाचणार नाही.

आता मळ. प्रोटेक्टरवर साचतो तो मळ एका जातीचा नसतो आणि घरगुती उपाय फसतात ते इथेच. घाम मुळात जवळजवळ बिनवासाचा असतो. त्यातले आणि त्वचेच्या तेलातले घटक जिवाणू तोडतात तेव्हा आम्ल स्वरूपाची, उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. त्वचेचे तेल हवेशी संयोग होऊन हळूहळू पिवळे पडते. उशीच्या खालच्या भागात दिसणारा पिवळा पट्टा मुख्यतः या तेलाचा असतो. लघवीचे उलट आहे. ताजी लघवी किंचित आम्लधर्मी असते आणि तिला फारसा वास नसतो. पण तिच्यात युरिया असतो आणि जिवाणूंकडे युरिएज नावाचे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे विकर, असते. ते युरियापासून अमोनिया तयार करते. काही तासांनी डोळ्यांना झोंबणारा जो दर्प येतो तो या अमोनियाचा. तो अल्कधर्मी असतो.

म्हणजे एक वास आम्लाचा आणि दुसरा अल्काचा. स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू या दोघांना वेगवेगळ्या लागू पडतात. खाण्याचा सोडा सौम्य अल्क आहे. घामातल्या आम्लांशी संयोग होऊन तो त्यांचे न उडणारे क्षार बनवतो आणि वास थांबतो. व्हिनेगरमध्ये साधारण चार ते पाच टक्के अॅसेटिक आम्ल असते. ते अमोनियाला बांधून पाण्यात सहज विरघळणारा क्षार बनवते आणि तो क्षार साध्या पाण्यात विसळला जातो. व्हिनेगर घरात नसेल तर लिंबूसत्त्वाचे पाणीही हेच काम करते.

घरगुती सल्ल्यांत मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायला सांगतात. मोठा फेस येतो आणि सफाई जोरात चालली आहे असे वाटते. तो फेस कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात आणि मागे उरते ते सोडियम अॅसेटेट या निरुपद्रवी क्षाराचे पाणी. त्यात मळ काढण्याची ताकद जवळजवळ राहत नाही. दोन्ही वापरायचे असतील तर एक वापरून, पूर्ण विसळून, मग दुसरे वापरावे.

दुसरे मिश्रण निरुपयोगी नव्हे, धोक्याचे आहे. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर पडले की क्लोरीन वायू सुटतो. तेच ब्लीच जुन्या लघवीच्या डागावर ओतले तर अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात. दार लावलेल्या लहान न्हाणीघरात या वायूंनी घसा आणि फुप्फुसे भाजल्यासारखी होतात. आजारी माणसाचे अंथरूण निर्जंतुक व्हावे म्हणून अनेक घरांत ब्लीच हाताशी घेतले जाते. हेतू चांगला असला तरी या कामात ते अजिबात वापरू नये. तेवढ्याने पापुद्राही वाचतो.

डागांपैकी रक्ताचा डाग वेळेवर धरला तर सोपा असतो. रक्तातले प्रथिन गरम पाण्याने गोठते आणि धाग्यात पक्के बसते, म्हणून आधी फक्त गार पाणी वापरावे. उरलेल्या खुणेवर औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टिपून लावावे. रक्तातले एक विकर त्याचे विघटन करते, म्हणून तिथे बारीक फेस येतो. फेस थांबला की विसळावे. रंगीत कापडाचा रंग याने उडू शकतो, तेव्हा आधी कोपऱ्यावर लावून पाहावे.

हळदीचा डाग वेगळाच वागतो. साबण लागताच तो लालभडक होतो आणि धुणारी व्यक्ती घाबरते. हळदीतले करक्युमिन अल्कात लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीपासून बनते ते याच गुणामुळे. विसळल्यावर तो पुन्हा पिवळा होतो. उन्हात करक्युमिन मोडते, म्हणून हळदीला ऊन हाच सर्वांत स्वस्त उतारा आहे. पण त्याच उन्हाने पॉलियुरेथेनही हळूहळू जीर्ण होते. तेव्हा कापडाची बाजू उन्हाकडे आणि पापुद्रा खाली ठेवावा आणि डाग फिका पडला की आच्छादन सावलीत घ्यावे.

घाम आणि लघवी यांच्या नेहमीच्या मळाला धुण्याची चांगली पावडर पुरते. बहुतेक चांगल्या पावडरींत प्रथिने आणि चरबी तोडणारी विकरे घातलेली असतात. ती कोमट पाण्यात नीट चालतात, उकळत्या पाण्यात निकामी होतात आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून घासण्यापेक्षा अर्धा-पाऊण तास भिजत ठेवणे अधिक कामाचे. पावडर थोडीच घ्यावी. जास्त घेतली तर ती टेरीच्या धाग्यात अडकून राहते, कापड चिकट होते आणि पुढचा मळ लवकर धरते. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाच्या वडीने पांढरा चिकट थर बसतो. तिथे वडीऐवजी पावडर वापरावी आणि शेवटच्या विसळणीच्या बादलीत अर्धी वाटी व्हिनेगर घालावे. कपडे मऊ करणारे कंडिशनर इथे नको. त्याचा मेणचट लेप बसला की वरचे कापड ओल शोषत नाही.

पाणी किती गरम असावे, या प्रश्नाला मात्र एकच उत्तर नाही, कारण इथे आरोग्याची आणि पापुद्र्याची गरज एकमेकींविरुद्ध जातात. अंथरुणात डस्ट माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे, राहतात. त्यांची लांबी जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर असते. माणसाच्या त्वचेचे झडलेले कण हे त्यांचे अन्न. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात, म्हणून दमट किनारपट्टीवर त्यांचे फावते. घरातल्या धुळीने होणाऱ्या अॅलर्जीच्या मुळाशी मुख्यतः हे किडे आहेत, हे 1960च्या दशकात नेदरलँड्समधील लेडन येथे वूरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी. ही प्रथिने पाण्यात विरघळतात, त्यामुळे साध्या धुण्यानेही ती बरीच निघून जातात. किडे मारायचे असतील तर मात्र 55 ते 60 अंश सेल्सिअसचे पाणी लागते.

काही प्रोटेक्टर 60 अंश सहन करतात, काही 40 अंशांपुढे टिकत नाहीत. शिवणीतल्या छोट्या पट्टीवर टबाचे चित्र असते आणि त्यातला आकडा ही पाण्याची कमाल उष्णता. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच वर्ज्य. घरात तापमापक नसला तरी अंदाज बांधता येतो. उकळते पाणी आणि 25 अंशांच्या आसपासचे नळाचे पाणी समसमान मिसळले की सुमारे 60 अंश होतात. एक भाग उकळते आणि चार भाग साधे घेतले की सुमारे 40. साठ अंशांच्या पाण्यात हात भाजतो, तेव्हा कापड काठीने खालीवर करावे आणि मुलांना लांब ठेवावे. घरात दमा नसेल तर 40 अंश पुरे आहेत. दमा असेल तर मुळात 60 अंश चालणारे आच्छादनच विकत घ्यावे.

यंत्रात धुताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पापुद्र्यातून पाणी निथळत नाही. पिळण्याच्या वेगात आच्छादनाच्या घडीत पाण्याची पिशवी तयार होते, ड्रमचा तोल जातो आणि यंत्र हादरते. नोव्हेंबर 2016 मध्ये अमेरिकेत एका कंपनीची वरून उघडणारी सुमारे 28 लाख यंत्रे परत मागवली गेली. जोरात थरथरून त्यांचा वरचा भाग निखळण्याचा धोका होता. ज्यांच्याकडे ती यंत्रे होती त्यांना अंथरूण-पांघरूण आणि जलरोधक वस्तू कमी वेगाच्या चक्रावरच धुण्यास सांगण्यात आले. प्रत्येक यंत्र असे बिघडेल असे नाही. पण जलरोधक आच्छादन कमी वेगावर धुवावे आणि पिळण्याचे चक्र शक्यतो टाळावे. हाताने धुतले तर पीळ न घालता कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबावे. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि पापुद्र्यावर ताण येत नाही.

वाळवण्यात घाई केली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. वरून हात लावला तर कापड कोरडे लागते, पण इलॅस्टिकच्या शिवणीत आणि कोपऱ्यांच्या खोळीत ओल दडून असते. तसेच गादीवर चढवले की खालून हवा लागत नाही आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. तो वास बुरशीचा असतो. म्हणून चारही कोपरे उलटे करून, दोन दोऱ्यांवर पसरून, आधी कापडाची आणि मग पापुद्र्याची बाजू हवेला द्यावी. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण दिवस लागला तरी लागू द्यावा. त्यासाठी घरात दोन आच्छादने आलटून पालटून वापरणे बरे. आजाऱ्याच्या किंवा अंथरूण ओले करणाऱ्या मुलाच्या घरात तर दुसरे आच्छादन ही चैन नव्हे. ते नसेल तर रात्री दोन वाजता आईला ओल्या गादीवर कोरडी चादर टाकून वेळ मारून न्यावी लागते.

हे सगळे मांडल्यावर आमचे मत असे की या कामासाठी महागडे फवारे आणि खास द्रावणे घेण्याची गरज नाही. धुण्याची पावडर, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, कोमट पाणी आणि पुरेसा वेळ एवढ्यात ते होते. साधारण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा धुणे पुरे, मात्र लघवी झाली तर त्याच दिवशी, अमोनिया तयार होण्याआधी.

एक अपेक्षा उत्पादकांकडून आहे. ज्या वस्तूचे आयुष्य पूर्णपणे धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, तिच्या सूचना इंग्रजीत आणि नखाएवढ्या पट्टीवर छापून भागत नाही. घरोघरी हे आच्छादन धुणाऱ्या बायका, रुग्णांची सेवा करणाऱ्या मावशी आणि आया यांच्यापैकी अनेकींना ती पट्टी वाचता येत नाही. पापुद्रा कशाचा आहे, पाणी किती अंशांपर्यंत चालते, पिळायचे की नाही आणि ब्लीच का नको, या चार ओळी महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वेष्टनावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापाव्यात. ग्राहकांनीही दुकानात पैसे मोजण्याआधी त्या मागाव्यात.