वरच्या गावाचे सांडपाणी

भूगोलाच्या तासाला आपण मुलांकडून कृष्णाकाठची गावे पाठ करून घेतो : वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी. मुलांस ती तीर्थांची आणि पेठांची माळ वाटते. जलशुद्धीकरण केंद्रावरील अधिकाऱ्यास मात्र तिचा अर्थ निराळा लागतो. वरच्या गावाने जे सोडले, ते खालच्या गावास उपसून, गाळून प्यावयाचे आहे. नळाला पाणी आले म्हणजे नगरपालिकेचे कर्तव्य संपले, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ते पाणी पुढे कोठे जाते हे निवडणुकीच्या सभेतही कोणी विचारीत नाही.

वस्तुतः हिशेब सोपा आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. दरडोई रोज १३५ लिटर धरले, तर चाळीस हजार वस्तीच्या गावातून दररोज सुमारे ४३ लाख लिटर पाणी नाल्यास मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीप्रमाणे देशातील नागरी वस्तीचे सांडपाणी दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारे पाणी २०,२३६ दशलक्ष लिटर. केंद्रे अपुरी आहेत हे खरेच. परंतु जी आहेत त्यांचीही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताकद वाया जाते, हे अधिक लाजिरवाणे आहे. बांधकामास अनुदान मिळते, कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. पुढे विजेचे बिल आणि यंत्रचालकाचा पगार नगरपालिकेच्या गळ्यात पडतो, आणि पंप मुके होतात.

या स्थितीत वाईसारख्या लहान नगरपालिकेने २०१८ साली जे केले, त्याची दखल मोठ्या शहरांनी घ्यावयास हवी होती. लहान गावांत बहुतेक घरांचा मैला शौचटाकीत जातो. टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही, की तळाचा गाळ वर चढतो आणि पाण्याबरोबर गटारात उतरतो. घरमालक टाकी तुंबेपर्यंत टँकर बोलावीत नाही, आणि उपसलेला मैला कोठे रिता होतो हे कोणी पाहत नाही. वाईने प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसण्याचा क्रम लावला, त्यासाठी स्वच्छता कर बसविला, आणि दिवसाला ७० हजार लिटर मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र चालू केले. केंद्रास बाहेरचे साहाय्य लाभले हे खरे. तथापि पाळी लावणे आणि कर मागणे यांस लागणारे धैर्य कोणत्याही देणगीत मिळत नाही. कर वाढविला की मते जातात, असे सांगणाऱ्या नगरसेवकांनी एकदा वाईस जाऊन यावे.

परंतु हे अर्धेच काम होय. टाकीतून झिरपणारे पाणी, मोरीचे व न्हाणीचे पाणी हे निराळे. मैला उपसल्याने ते थांबत नाही. त्यासाठी प्रत्येक गावाने विजेवर चालणारे अवाढव्य कारखानेच मागावेत असे नाही. १९५८ साली नागपुरास स्थापन झालेल्या आणि आज ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ऊन, शेवाळ व जिवाणू यांच्या बळावर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उथळ तळ्यांचा अभ्यास फार पूर्वी केला आहे. अलीकडे पाणवनस्पतींच्या वाफ्यांची पद्धतीही तिनेच दिली. या पद्धतींस जागा अधिक लागते, वीज थोडी. लहान गावास जागा अद्याप मिळू शकते. ती भूखंडांच्या नकाशात हरवण्यापूर्वी राखून ठेवणे हे नगरपालिकेच्या हातचे आहे.

पाणी दूषित झाले म्हणजे काय होते, हे पंचगंगाकाठच्या इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत पाहिले, माणसे दगावली. १९७४ चा जलप्रदूषणविषयक कायदा तेव्हाही होता.

आमची सूचना अशी की, नव्या केंद्राचा प्रस्ताव आला, तर पहिल्या दहा वर्षांचे वीजबिल व पगार कोठून येणार, हे लिहून दिल्यावाचून शासनाने एक पैसाही मंजूर करू नये. केंद्रातून नदीत पडणाऱ्या पाण्याची तपासणी दरमहा व्हावी. आणि तिचा अहवाल नुसता मंडळाच्या कपाटात न जाता खालच्या गावाच्या नगराध्यक्षांच्या टेबलावर पोचावा.