घरे उभी राहिली, उद्योग केव्हा?



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीच्या मंगलप्रसंगी ही स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहे. त्याच वेळी एका अप्रिय प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणे हे आम्ही संपादकीय कर्तव्य समजतो. कतारच्या भूमीत घाम गाळून आपण गावाकडे जो पैसा पाठविला, त्यातून पक्की घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने पार पडली. परंतु त्या पैशातून आपल्या वस्तीत एखादा टिकाऊ उद्योग उभा राहिला काय? आखातातील आपला मुक्काम कायमचा नाही. नोकरी सुटली की परतावेच लागते. आपण परतू तेव्हा आपल्या मुलाने पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभे राहावयाचे काय?

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक आपत्काळासाठी. म्हणजे निम्मी मिळकत उद्योगात! आपल्या हिशेबाच्या वहीत हे दोन भाग बहुधा सापडत नाहीत.

याचा दोष केवळ आपल्या माणसांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नुसता ताप पाहून रोगाचे निदान होत नाही; तद्वतच बंद पडलेला धंदा पाहून धंदेवाल्याला नालायक ठरविता येत नाही. दुग्धव्यवसायाचेच उदाहरण घेऊ. प्रा. सुखदेव थोरात प्रभृती अभ्यासकांनी ११ राज्यांतील ५६५ खेड्यांची पाहणी करून २००६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्या खेड्यांत दूध सहकारी संस्था होत्या, त्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी दलितांना दूध घालण्यास मज्जाव असल्याचे तीत आढळले. म्हशीसाठी कर्ज मिळाले, पण दूध घेणारा कोणी नाही, तर हप्ता फेडावा कशातून?

दुसरी अडचण तारणाची. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली व वेठीचा फास सुटला. मात्र परत मिळालेली जमीन नवीन शर्तीची ठरली. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून तिचे हस्तांतरण करता येईना. या अटीने जमीन धनदांडग्यांच्या घशात जाण्यास काही आळा बसला हे खरे. पण बँकेच्या दारात त्याच जमिनीचे मोल घटले.

आता आपण राहतो त्या देशाकडे पाहा. ५ जून २०१७ रोजी शेजारी राष्ट्रांनी कतारची नाकेबंदी केली आणि सौदी अरेबियातून येणारे दूध थांबले. जुलैमध्ये बलदना कंपनीने विमानाने गाई आणल्या, अल खोरच्या परिसरात थंड गोठे उभारले आणि थोड्याच काळात देश ताज्या दुधाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. भर वाळवंटात गाय जगली, कारण तिच्यामागे भांडवल, वीजपाणी, राजसत्तेचे पाठबळ आणि हमखास गिऱ्हाईक होते. जेथे वैरण उगवते त्या आपल्या गावात मात्र दोन म्हशींचा धंदा वर्षभर तग धरीत नाही. उणीव मातीत नाही, परिस्थितीत आहे. आणि परिस्थिती पालटता येते.

कायद्याची साथ अगदीच नाही असे नव्हे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन घातले. २०१२ च्या धोरणानुसार केंद्र सरकारच्या खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी राखून ठेवला गेला. अॅट्रॉसिटी कायद्यातील जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कारही गुन्हा ठरला. परंतु हे कायदे आपल्या वस्तीपर्यंत नेणारे हात कोठे आहेत?

म्हणून आमचे नम्र आवाहन आहे. एकाच तालुक्यातील कुटुंबांनी देणगी म्हणून नव्हे, तर भागभांडवल म्हणून पैसा एकत्र करावा. म्हैस घेण्यापूर्वी दुधाचे गिऱ्हाईक ठरवावे. गावातील संस्था दार उघडत नसेल तर आपली संस्था नोंदवावी आणि बहिष्काराची तक्रार लेखी द्यावी. विहारात वंदनेनंतर महिन्यातून एकदा वकील आणि हिशेबनीस बसावेत. हिशेब भगिनींच्या हाती असावा व तो सर्वांस खुला असावा. आणि मिळकतीचा चौथा भाग विसरू नये. घरातील एका आजारपणात म्हैस विकली जाते, हे वैद्यकीय व्यवसायात आम्ही वारंवार पाहिले आहे.

पुतळे आणि विहारे यांना आपण सढळ हाताने दान दिले, पुढेही देऊ. परंतु बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतील संघटन केवळ मिरवणुकीपुरते नव्हते. ज्या दिवशी आपल्या वस्तीतील दुधाचा कॅन बाजारात मानाने उतरेल, त्या दिवशी आपल्या घामाचे खरे चीज होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!

— संपादक